पावलातला वात

मराठी घरात कुणाचा पाय दुखू लागला की रोगाचं नाव शोधत बसावं लागत नाही. ते आधीच ठरलेलं असतं: वात. चवडा सुजला, वात. सकाळी उठल्यावर पाऊल टेकवत नाही, वात. अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन रात्रभर ठणकला, तोही वातच. मग कुणी तेल सुचवतं, कुणी एरंडाची पानं बांधायला सांगतं, कुणी वांगी आणि वाल बंद करायला लावतं. इतका ऐसपैस शब्द आपल्या रोगांच्या नावांत दुसरा नसेल. या शब्दाबद्दल मला आदर आहे, कारण त्याच्यामागे दोन हजार वर्षांचा विचार उभा आहे. पण काळजीही वाटते. पावलाच्या सांध्यांना होणारे किमान तीन अगदी वेगळे आजार या एकाच नावाखाली नांदतात. त्यांची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि एकाला दुसरा समजून वेळ घालवला तर गेलेला सांधा परत येत नाही. म्हणून या आजारांची नावं कुठून आली ते पाहावं, आणि ती पाहता पाहता आजारही ओळखून घ्यावेत.

आधी वात. मराठीत दोन वात आहेत, त्यांचं लिंग वेगळं आणि कूळही वेगळं. ती वात दिव्यातली. ती संस्कृत 'वर्ति'पासून आली, आणि हिंदीतली बत्ती तिची सख्खी बहीण. तो वात मात्र 'वा' या धातूचा, म्हणजे वाहणाऱ्या हवेचा. वायू त्याचाच भाऊ, आणि लॅटिनमधला 'व्हेंटस' व इंग्रजीतला 'विंड' हे दूरचे चुलते. वातावरण, वातानुकूलित, वातकुक्कुट या शब्दांत तो अजून निखळ वाराच आहे. शरीरात शिरला की त्याचा रोग होतो. आयुर्वेदाने शरीरातल्या सगळ्या हालचाली वायूकडे सोपवल्या होत्या. त्यामुळे हालचाल बिघडली की दोष वायूचा, हे ओघानेच आलं. अर्धं अंग लुळं पडलं तर अर्धांगवायू, शरीर धनुष्यासारखं ताठलं तर धनुर्वात. बोलीभाषेत पक्षाघाताला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, त्यातही तोच वारा आहे. तापात बरळणाऱ्या माणसाला 'वात झालाय' म्हणत, आणि पोरांनी 'वात आणला' असं आई म्हणते तेव्हा तिला हाच वात अभिप्रेत असतो.

सांध्यांचं दुखणं वायूच्या पदरात टाकण्यामागे निरीक्षण होतं. दुखणं एका जागी राहत नाही, आज घोट्यात तर उद्या मनगटात. सांधा हलवला की आतून कटकट आवाज येतो. सूज दाबली तर काही वेळा हवा भरलेल्या पिशवीसारखी लागते. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संधिगत वाताचं वर्णन जवळपास असंच केलेलं आहे. आपण आज ज्याला सरसकट संधिवात म्हणतो, त्या नावाचं मूळ तिथे आहे.

पुढचाच, म्हणजे एकोणतिसावा अध्याय पावलाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. त्याचा विषय आहे वातरक्त. वायू आणि रक्त दोन्ही बिघडतात, एकमेकांची वाट अडवतात, आणि रोग हातापायांत मूळ धरून पुढे सगळ्या शरीरात पसरतो, असं तिथे सांगितलं आहे. सुश्रुताने या पसरण्याला उंदराच्या विषाची उपमा दिली: पायाशी सुरुवात, मग हळूहळू वर. हा रोग कुणाला होतो याचंही वर्णन चरकाने केलं आहे. नाजूक प्रकृतीची, चमचमीत खाणारी, चालण्याची सवय नसलेली माणसं. आणि या रोगाचं एक पर्यायी नाव तिथे येतं, ते मला फार बोलकं वाटतं: आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. मराठीत हा शब्द एकटा फारसा भेटत नाही, पण 'धनाढ्य'मध्ये तो धडधाकट आहे, आणि 'आढ्यता' व 'आढ्यताखोर' या शब्दांत श्रीमंतीतून आलेला ताठा शिल्लक आहे. आढ्यवात म्हणजे श्रीमंतांचा वात.

याच काळाच्या आसपास, आणि त्याच्याही आधी, ग्रीक वैद्य याच दुखण्याला 'पोडाग्रा' म्हणत होते. त्यातला 'पोड' म्हणजे पाऊल. हा आपल्या 'पद' आणि 'पाद' यांचाच भाऊ, ज्यातून आपल्याकडे पाय आला, पाऊल आलं, चौथा हिस्सा म्हणून पाव आला. फारसीतला 'पाय'ही याच घरातला. पायजमा आणि पायमल्ली आपण तिथून घेतले. 'आग्रा' म्हणजे शिकार, पकड. पोडाग्रा म्हणजे पाऊल पकडणारा सापळा. हात पकडला तर 'कायराग्रा', गुडघा पकडला तर 'गोनाग्रा'. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत पोडाग्रा बाईला पाळी जाईपर्यंत होत नाही असं म्हटलं आहे, आणि ते निरीक्षण आजही बव्हंशी खरं ठरतं. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा आणि मद्यपींचा रोग समजला गेला. १७९९ साली जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने त्याचं चित्र काढलं: सुजलेल्या पावलावर बसलेला एक काळा, काटेरी सैतान अंगठ्याच्या बुडाशी दात रोवतो आहे. ज्याने हे दुखणं एकदा भोगलं आहे त्याला ते चित्र समजावून द्यावं लागत नाही.

मग या पहिल्या आजाराचं 'गाऊट' हे आजचं नाव कुठून आलं? लॅटिन 'गुट्टा' म्हणजे थेंब. मध्ययुगीन युरोपात समजूत होती की शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात ठिबकतो आणि तिथे साचतो. थेंबाचं फ्रेंचमध्ये झालं 'गूत', इंग्रजीत झालं 'गाऊट'. त्याच विचाराचं दुसरं नाव 'रुमॅटिझम'. ग्रीक 'रूमा' म्हणजे वाहणारा द्रव, आणि त्यामागचा धातू आपल्या 'स्रु' या धातूचा सख्खा नातेवाईक आहे. ज्या 'स्रु'तून स्राव आणि स्रोत आले. आपण सांध्यात वारा पाहिला आणि त्यांनी पाणी पाहिलं. पॅरिसचा वैद्य गीयोम द बायू याने रुमॅटिझम हा सबंध शरीरातल्या सांध्यांचा आजार म्हणून मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४२ मध्ये छापला गेला. तेव्हापासून हे नाव सांध्यांना चिकटलं ते चिकटलंच.

वारा, पाणी आणि थेंब यांत थेंबाची कल्पना सत्याच्या सर्वांत जवळ गेली, हे कबूल केलं पाहिजे. १७७६ साली कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाला मूतखड्यात एक आम्ल सापडलं, तेच युरिक आम्ल. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त असल्याचं दाखवलं. पुढे त्यांनी त्यासाठी एक साधी पद्धत काढली: रक्तातल्या पाण्यात थोडं आम्ल घालून त्यात दोरा सोडून ठेवायचा, आणि दोऱ्यावर स्फटिक धरतात का ते पाहायचं. १९६१ साली सांध्यातल्या द्रवात हेच स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येऊ लागले आणि निदान पक्कं झालं. म्हणजे सांध्यात खरंच काहीतरी साचत होतं, फक्त ते सुईसारख्या टोकदार स्फटिकांच्या रूपात होतं.

पायाचा अंगठाच का, याचंही उत्तर बरंचसं हाती आलं आहे. युरिक आम्लाचं मीठ गारव्यात कमी विरघळतं, आणि शरीरात सर्वांत गार जागा पावलाच्या टोकाशी असते. त्यातून अंगठ्याच्या बुडाचा सांधा प्रत्येक पावलाला भार झेलतो, दबतो. हल्ला बहुधा रात्री होतो. सांधा लाल, गरम, चकचकीत होतो आणि अंगावरची चादरसुद्धा सहन होत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. इथेच सगळा घोटाळा आहे. त्या दिवसांत जो लेप लावला, जी पुडी घेतली, जो मंत्र म्हटला, त्याला यश मिळतं. स्फटिक मात्र तिथेच असतात. पुढचा हल्ला लवकर येतो, मग घोटा, मग गुडघा, आणि वर्षांनी कातडीखाली खडूसारख्या गाठी धरतात. रक्तातलं युरिक आम्ल दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली कायम ठेवलं तर हे स्फटिक हळूहळू विरघळून जातात. त्यासाठी १९६० च्या दशकापासून ॲलोप्युरिनॉल आहे. ज्या कामासाठी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांना १९८८ चं नोबेल मिळालं, त्या कामातलंच हे एक औषध. ते थोड्या मात्रेने सुरू करावं लागतं आणि दुखणं थांबलं म्हणून बंद करायचं नसतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत एखादा हल्ला उलट जास्त येऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं आणि रुग्णाने ऐकायला हवं. ऐन हल्ल्यात रक्त तपासलं तर युरिक आम्ल कधीकधी बरोबर निघतं, त्यामुळे एका तपासणीवरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही.

खाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. युरिक आम्ल वाढलं की आपल्याकडे पहिला वार वरणावर होतो. तूर, मूग, पालक, टोमॅटो सगळं बंद. पण डाळी-भाज्यांतल्या, युरिक आम्ल बनवणाऱ्या प्युरीनमुळे गाऊटचा धोका वाढत असल्याचं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. धोका वाढवतात ते मांस, त्यातही कलेजी-गुर्दे, तिसऱ्या-कोलंबीसारखे पदार्थ, बिअर, आणि साखर घातलेली बाटलीतली पेयं. शिवाय वाढलेलं वजन, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि आईबापांकडून आलेला वारसा. आता हा केवळ आढ्यांचा वात राहिलेला नाही. गरिबाला झाला तर तो लवकर ओळखला जात नाही, एवढाच फरक.

हल्ल्यात देण्याचं एक जुनं औषध म्हणजे कोल्चिसिन. त्याचं नाव काळ्या समुद्राकाठच्या कोल्चिस या प्राचीन प्रदेशावरून पडलं, जो आजच्या जॉर्जियात येतो. तिकडच्या कंदातून ते काढत, आणि सहाव्या शतकातला वैद्य ट्रॅलिसचा अलेक्झांडर तो कंद पोडाग्रावर देत असे. हेच द्रव्य आपल्या कोकणात-सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या एका वेलीत आहे, आणि तिचं मराठी नाव आहे कळलावी. तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची म्हणून संस्कृतात अग्निशिखा, नांगरासारख्या कंदाची म्हणून लांगली. कळलावी म्हणायचं कारण वेगळं. तिच्या मुळाचा उपयोग बाळंतिणीला कळा आणण्यासाठी करत. कळ लावणारी ती कळलावी. भांडणं लावणाऱ्या माणसालाही आपण तेच म्हणतो. जिच्या नावात कळ आहे, तिच्यातलं द्रव्य अंगठ्याची कळ थांबवतं. पण कळलावी जहाल विषारी आहे. तिचा कंद घरी उगाळून देऊ नये. त्याने माणसं दगावली आहेत. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे अगदी थोडं आहे, त्यामुळे मोजून दिलेली गोळी आणि तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

आता दुसरा आजार. 'आमवात' हा शब्द माधवकराच्या माधवनिदानात स्वतंत्र रोग म्हणून येतो, आणि आज वैद्य तो बहुतेक वेळा 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस'साठी वापरतात. त्यातला आम म्हणजे कच्चं, न पचलेलं. पोटात पडतो तो आमांश त्याच्याच घरचा. ग्रीकमध्ये कच्च्याला 'ओमोस' म्हणतात. आम आणि ओमोस हे एकाच मुळाचे. विचार असा होता की न पचलेला रस वायूच्या मदतीने सांध्यांत जाऊन बसतो. 'रुमॅटॉइड' हे नाव त्याच गॅरड यांनी १८५९ मध्ये दिलं, गाऊटपासून हा आजार वेगळा काढण्यासाठी. आज आपल्याला कळतं की यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते.

या आजाराबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते, कारण तो बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होतो, ऐन कामाच्या वयात होतो, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात हाताच्या बोटांबरोबर पायाच्या चवड्यात होते. दोन्ही पायांत सारखं दुखतं. सकाळी अंथरुणातून उतरल्यावर गोट्यांवरून चालल्यासारखं वाटतं, आणि पाऊल मोकळं व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. बोटं फाकतात, जोडवी रुततात, नेहमीची चप्पल घट्ट होते. घरातली माणसं म्हणतात, दिवसभर उभी असतेस म्हणून दुखतंय. ती बाईही तेच म्हणते. आणि पहिले काही महिने, जे उपचारासाठी सर्वांत मोलाचे, ते असे निघून जातात. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लवकर सुरू झाली तर हाडांची हानी थांबवता येते. उशीर झाला तर दुखणं कमी होतं, पण वाकलेली बोटं सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने जिवावर बेतलेले प्रसंग घडले आहेत, म्हणून घरातल्या सगळ्यांना तो वार माहीत असावा. आणि वाताच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, वेष्टनावर काहीही न लिहिलेल्या पुड्यांपासून दूर राहावं. अशा काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. दोन दिवसांत चमत्कार होतो तो त्याच्यामुळे, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात तीही त्याच्यामुळेच.

तिसऱ्या आजाराकडे जाण्याआधी 'सांधा' या शब्दापाशी थांबू. सम् आणि धा, म्हणजे एकत्र ठेवणं. त्यातून संधी, त्यातून सांधा. व्याकरणात दोन वर्ण जुळतात ती संधी, दोन राजे जुळवून घेतात ती संधी, उजेड आणि अंधार भेटतात तो संधिप्रकाश. रेल्वेत रूळ बदलून देणारा तो सांधेवाला. ग्रीक 'आर्थ्रॉन' म्हणजेही सांधाच, आणि गंमत अशी की ग्रीक वैयाकरणांनीही हा शब्द व्याकरणात नेला: नामाला जोडून येणाऱ्या उपपदाला ते आर्थ्रॉन म्हणत. सांध्याचा शब्द व्याकरणात नेण्याची बुद्धी दोन्ही भाषांना स्वतंत्रपणे झाली. आर्थ्रॉनच्या मुळाशी 'नीट बसवणं' हा अर्थ आहे, आणि त्याच मुळातून संस्कृतात 'अर' आला, चाकात बसवलेला आरा. 'ऋत' म्हणजे विश्वाचा नीट बसलेला क्रम, तोही तिथलाच मानतात.

सुश्रुताने सांध्याचं वर्णन करताना चाकाचीच आठवण काढली आहे: आसाला तेल दिलं की चाक सुरळीत फिरतं, तसे सांधे आतल्या श्लेष्म्यामुळे. मराठी माणूस हे न वाचताही 'वंगण संपलं' म्हणतो. वंगण म्हणजे बैलगाडीच्या आसाला देतात ते. हाडाच्या टोकांवरच्या मऊ आवरणाला आज आपण कूर्चा म्हणतो. हा कूर्च म्हणजे मुळात कुंचा, जुडगा. सुश्रुताचा शब्द मात्र 'तरुण' होता, तरुण अस्थी. मला तो जास्त आवडतो. वय वाढल्यावर सांध्यातलं जे जातं, ते नेमकं हे तारुण्य.

आणि जे जातं त्याला आपण म्हणतो झीज. संस्कृत 'क्षीयते', प्राकृत 'झिज्जइ', मराठी झिजणे. 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' या आजाराचं आपलं घरगुती नाव झीज, आणि या नावाने पुष्कळ नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. वहाण झिजते ती वापरल्याने. मग सांधा झिजला म्हटल्यावर माणूस त्याचा वापर थांबवतो. चालणं सोडतो, बसून राहतो, वजन वाढतं, पोटऱ्यांचे स्नायू अशक्त होतात आणि सगळा भार पुन्हा त्याच सांध्यावर येतो. खरं तर कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांधा हलण्याने, दबण्या-सुटण्याने होतं. ती जिवंत आहे. तिला बेताचं चालणं हवं असतं.

पावलात हा आजार सर्वांत जास्त अंगठ्याच्या बुडाशी दिसतो. अंगठा वर वळेनासा होतो, पाऊल उचलताना तिथेच कळ येते, वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. पावलाच्या मधल्या भागातही तो होतो. घोट्यात झाला तर बहुतेक वेळा मागे कधीतरी हाड मोडलेलं किंवा पाय वारंवार मुरगळलेला असतो. दुखणं चालल्यावर वाढतं आणि बसल्यावर कमी होतं. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

इथे औषधाआधी वहाण. 'उपानह'पासून आलेला हा शब्द आपण विसरत चाललो आहोत, आणि पायात काय घालतो याचा विचार करणंही. बोटांना पसरायला जागा देणारा रुंद पुढा, सहज न मुडपणारा जाड तळ, टाच फार उंच नाही आणि मागून पाय धरून ठेवणारा पट्टा: एवढं असलं तर अंगठ्याचं निम्मं दुखणं हलकं होतं. तळ पुढे थोडा वर वळलेला असेल तर अंगठ्याला वळावं लागत नाही, जोडाच पाऊल पुढे लोटतो. पातळ, सपाट रबरी चप्पल घालून फरशीवर दिवसभर उभं राहणं या पायाला मानवत नाही. घरातसुद्धा जाड तळाची चप्पल घालावी, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. स्वयंपाकघरात पादत्राण नको असेल तर तेवढ्यासाठी वेगळी धुतलेली जोडी ठेवता येते. वजन थोडं उतरलं तरी पावलाला कळतं. चवड्यांवर उभं राहून हळूहळू टाचा टेकवणं, टॉवेल बोटांनी जवळ ओढणं, घोटा गोल फिरवणं, हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत. दुखऱ्या सांध्यावर दाह कमी करणारं मलम लावता येतं. पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने खाल्ल्या तर मूत्रपिंडं आणि जठर यांची किंमत द्यावी लागते. याने काहीच भागलं नाही तर शस्त्रक्रिया असते. त्यातल्या एकीत दुखरा सांधा कायमचा जोडून टाकतात. हालचाल जाते, दुखणंही जातं, आणि माणूस पुन्हा चालू लागतो.

आजारांच्या नावांत आपण इतके उधळे, पण पावलाच्या भागांच्या बाबतीत मराठी फार काटेकोर आहे. टाच, तळवा, चवडा, घोटा, बोटांच्या बेचक्या, पावलाची कमान. संस्कृत पार्ष्णि आणि प्रपद आपण घेतले नाहीत, कारण टाच आणि चवडा आपल्याकडे होतेच. घोटा संस्कृत 'घुटिके'च्या कुळातला. हिंदीत त्याचे नातेवाईक वर चढून घुटना झाले, मराठीत ते खाली पायाशीच राहिले. दुखण्याचे शब्द तर विचारूच नका. ठणका वेगळा, ठुसठुस वेगळी. कळ येते आणि चमक निघते. काटा बोचतो, खडा खुपतो. पाय शिणतो, भरून येतो, आखडतो, अवघडतो, बधिर होतो, त्याला मुंग्या येतात. तळपायाची आग होते. प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी वाट दाखवतो. रात्री अचानक एका अंगठ्यात उठणारा ठणका गाऊटकडे बोट दाखवतो. दोन्ही चवड्यांचं सकाळचं लांबलेलं आखडणं आमवाताकडे. चालताना येणारी आणि बसल्यावर जाणारी कळ झिजेकडे. मुंग्या, बधिरपणा आणि आग हे बहुधा सांध्याचं काम नसतंच. ते नसांचं, आणि तिथे मधुमेह पाहिला पाहिजे. तरुण माणसाची टाच सकाळी दुखते आणि कंबरही पहाटे धरते, तर तो आणखी वेगळा आजार असू शकतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'वात आहे' असं सांगू नका. तो त्यांनी ठरवायचा भाग आहे. बोट ठेवून दाखवा की दुखतं ते टाचेत, चवड्यात की घोट्यात. ठणकतं की आखडतं ते सांगा. सकाळी मोकळं व्हायला किती वेळ लागतो, एका पायात आहे की दोन्ही, सूज आली तेव्हा कातडी लाल होती का, घरात आणखी कुणाला आहे का, आतापर्यंत काय काय घेतलं, हे सगळं सांगा आणि त्या पुड्याही दाखवा. एकच सांधा एकाएकी लाल होऊन सुजला असेल आणि अंगात ताप असेल, किंवा मधुमेह असलेल्याचा पाय गरम होऊन सुजला असेल, मग तो दुखत नसला तरी, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.